खिळा कुठं ठोकायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

काही वर्षांपूर्वी कर्जाचा अर्ज घेऊन मी एका बँकेत गेलो होतो. अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'पिनबॉल यंत्रं तयार करणे'. साहेबांनी चष्मा वर केला, अर्ज पुन्हा वाचला आणि विचारलं, "बॉलपेन का?" मी म्हटलं, "नाही साहेब, पिनबॉल. खिळे ठोकलेली उतरती फळी असते, खालून दांडा ओढून गोळी सोडायची, ती खिळ्यांवर आपटत खाली येते." साहेबांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "अहो, बागाटेल! लहानपणी आमच्या घरी होतं." कर्ज मंजूर झालं, पण 'लाकडी खेळणी व क्रीडासाहित्य' या नावाखाली. पिनबॉलचा रकाना त्यांच्याकडे नव्हता.

गोंदियात राहून माणूस हा धंदा कसा करतो, असं मला नेहमी विचारतात. गोंदिया म्हटलं की लोकांना तांदळाच्या गिरण्या आठवतात, बिडी आठवते, हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन आठवतं. आमचा धंदाही खरं तर भातगिरणीतूनच निघाला. माझे वडील गिरणीत सुतार होते. चाळण्यांच्या चौकटी, धान वर नेणाऱ्या पट्ट्याचे लाकडी डबे, पाखडणीची पेटी, असली दुरुस्तीची कामं ते करत. गिरणीचं काम हंगामी. पावसाळ्यात हात रिकामे राहत. मग बाबा उरल्यासुरल्या फळ्यांचे बोर्ड करत. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की ते विकले जात.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे झाडीपट्टीबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगायला हवं. भंडारा-गोंदियाकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दिवसा बाजार, पाळणे, मिठाई, पाहुणेरावळे आणि रात्री दंडार किंवा नाटक. पुढं माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा, महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडची. दिवाळी ते महाशिवरात्र हा आमचा हंगाम. तेवढ्या दिवसांत जे विकलं जाईल त्यावर वर्ष काढायचं.

बोर्ड करणं वरवर सोपं दिसतं. बारा मिलिमीटरचा प्लाय घ्या, वरची बाजू अर्धगोल वळवा, उजवीकडे गोळी वर जाण्यासाठी एक गल्ली ठेवा, खाली स्प्रिंगचा दांडा बसवा, फळीवर खणांभोवती चुका ठोका. पण चूक होते ती चुका ठोकतानाच. बेअरिंगचा छर्रा दोन खिळ्यांमधून जेमतेम जाईल इतकं अंतर ठेवलं, तर तो बहुतेक वेळा खिळ्यावर आपटून बाहेर उडतो. तेच अंतर थोडं वाढवलं की नेम धरणाऱ्याला संधी मिळते. खिळा किंचित पुढं झुकला तर गोळी वेगळ्या दिशेला जाते. म्हणजे हा खेळ हाताचा आहे की नशिबाचा, हे खेळणारा ठरवत नाही, बनवणारा ठरवतो. बाबांचा एक नियम होता. खिळे ठोकून झाले की ते स्वतः वीस गोळ्या सोडून बघत. वरच्या खणात वीसांत एकही गेली नाही, तर म्हणत, "हा बोर्ड नाही, हा चोर आहे." आणि पक्कड घेऊन खिळा उपटत.

या खेळाचा इतिहास मी पुढं वाचला, तेव्हा बाबांच्या त्या पक्कडीचं मोल मला कळलं. बागाटेल मूळ फ्रान्सचं. बिलियर्डसारखं टेबल, त्यावर खुंट्या आणि काठीनं मारायचा चेंडू. तिथून ते अमेरिकेत गेलं. १८७१मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या इंग्लंडहून आलेल्या कारागिरानं सिनसिनाटीमध्ये त्यात सुधारणा करून पेटंट घेतलं. काठी गेली, तिच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला. टेबल लहान झालं, चेंडूची गोटी झाली. आज आपल्या पोरांच्या हातातला बोर्ड जवळजवळ तोच आहे.

पुढं १९३१मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाचं यंत्र आणलं. एक सेंट टाकायचा आणि काही गोळ्या खेळायच्या. तो मंदीचा काळ होता. लोकांकडे करमणुकीला पैसा नव्हता, पण एक सेंट होता. यंत्राला इतकी मागणी आली की विक्रेत्यांना माल पुरेना. रेमंड मोलोनी नावाचे असेच एक विक्रेते होते. माल मिळेना म्हणून त्यांनी १९३२मध्ये स्वतःच 'बॅलीहू' नावाचं यंत्र काढलं, आणि त्या नावावरून पुढं 'बॅली' ही प्रसिद्ध कंपनी उभी राहिली. छोट्या कारखानदाराला हा किस्सा वाचून हुरूप येतो. मलाही आला होता.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ही यंत्रं बक्षिसाची, मग पैशाची झाली. १९४२मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी शहरात पिनबॉलवर बंदी घातली. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली. महापौरांनी स्वतः हातोडा घेऊन यंत्रं फोडली. मुलांच्या खाऊचा पैसा हा जुगार खातो, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण हसतो, पण त्यावेळी ते अगदीच चूक नव्हतं. कारण तेव्हाच्या यंत्रात एकदा गोळी सुटली की खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे. यंत्र थोडं हलवता येई, तेवढंच. बाजूची बटणं दाबून गोळी पुन्हा वर उडवणारे 'फ्लिपर' आले ते १९४७मध्ये, गॉटलिब यांच्याच 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात. खेळ खऱ्या अर्थानं हाताचा झाला तो तेव्हा. तरीही न्यूयॉर्कची बंदी १९७६पर्यंत टिकली. ती उठवायची की नाही यावर नगर परिषदेत सुनावणी चालू असताना रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकानं तिथंच यंत्रावर खेळून दाखवलं. गोळी मधल्या गल्लीतून जाईल असं आधी सांगितलं आणि दांडा सोडला. गोळी मधल्याच गल्लीतून गेली. बंदी उठली.

आपल्याकडेही कायद्याची रेघ हीच आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही, असं त्याच कायद्यात म्हटलं आहे. १९५७च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कौशल्याची स्पर्धा आणि जुगार यांत फरक केला. १९९५मध्ये कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमच्या खटल्यात न्यायालयानं परवान्याची सक्ती योग्य ठरवली. यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याचं कौशल्य निकामी करता येतं, हा मुद्दाही त्यात होता. वकिलाकडून मी हे ऐकलं तेव्हा मान खाली घातली. कारण तो फेरफार काय असतो, हे मला स्वतःच्या हातानं माहीत होतं.

ती गोष्ट सांगतो. १९९८ची दिवाळी. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा पुढच्या वर्षी १ मेला झाला. बाबा थकले होते आणि काम माझ्याकडे आलं होतं. मंडयांत खेळाचं दुकान लावणारा एक गिऱ्हाईक आला. एकदम सहा बोर्ड हवे होते. पैसे रोख. अट एकच. म्हणाला, "भाऊ, वरच्या खणात गोळी जाताना दिसली पाहिजे, पण गेली नाही पाहिजे." त्यानं दोन खिळ्यांची जागा बोटानं दाखवली. मी दोन दिवस विचार केला. घरात लग्न ठरलं होतं. मी ते दोन खिळे ठोकले. बाबांना वीस गोळ्या सोडायला बोलावलं नाही.

त्या वर्षी आम्ही एका पाहुण्यांच्या गावी मंडईला गेलो. तिथं तोच बोर्ड होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा खेळत होता. धान कापणीची मजुरी मिळालेली असावी, कारण तो खिशातून मोजून नोटा काढत होता. त्याचा हात उत्तम होता, हे मला लगेच कळलं. प्रत्येक वेळी तो दांडा अगदी सारखाच ओढत होता, गोळी प्रत्येक वेळी त्याच वाटेनं त्याच खणाच्या तोंडाशी जात होती आणि प्रत्येक वेळी त्याच खिळ्यावर आपटून बाहेर पडत होती. त्याचा सोबती म्हणाला, "चाल ना बे, बोर्डच खराब हाये." त्यावर तो मुलगा म्हणाला, "बोर्ड बराबर हाये जी, माहाच हात चुकते."

मंडळी, मी तिथून निघून आलो. बोललो काहीच नाही, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गिऱ्हाइकाकडे गेलो आणि म्हटलं, बोर्ड परत दे किंवा दुरुस्त करू दे. तो हसला. मग विकले त्यापेक्षा जास्त पैसे देऊन मी सहाही बोर्ड परत घेतले. तो गेलाच, वर इतर तीन दुकानदारांनाही सोबत घेऊन गेला. ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. बाबांना मी कारण सांगितलं. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "पक्कड कुठं असते माहीत होतं ना तुला?"

त्यानंतर आमच्याकडचा नियम लेखी झाला. पैशाचं बक्षीस लावणाऱ्याला माल द्यायचा नाही. हे बोलायला सोपं आहे, पण आमच्या मंडईच्या गिऱ्हाइकांपैकी मोठा भाग यात जातो. उरतात ती घरं, शाळा, मंडळं आणि थोडे हौशी लोक. शाळांचा रस्ता आम्हाला एका विज्ञानशिक्षकांनी दाखवला. त्यांनी 'गॉल्टन बोर्ड' करून मागितला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी केलेली ही फळी. यात खिळ्यांच्या ओळी तिरप्या जुळवलेल्या असतात. प्रत्येक खिळ्यावर गोळी डावीकडे जाते नाहीतर उजवीकडे. दहा ओळी असल्या तर अगदी कडेच्या खणात गोळी जाण्याची शक्यता १०२४मध्ये १, आणि मधल्या खणात जाण्याची १०२४मध्ये २५२. शेकडो गोळ्या सोडल्या की मध्ये ढीग आणि कडेला उतार, असा घंटेसारखा आकार दिसतो. नववीच्या पोरांना हे फळ्यावर समजत नाही, फळीवर समजतं. आणि एक फायदा असा, की ज्या पोरानं हा बोर्ड पाहिला ते पुढं मंडईत कडेच्या खणावर पैसे लावत नाही.

आता विजेच्या यंत्राकडे येतो. फ्लिपरवालं खरं पिनबॉल यंत्र आपण करावं, हे माझं जुनं खूळ. २०१२मध्ये सुरुवात केली. त्याची फळी साडेसहा अंशांनी उतरती असते, म्हणजे एक मीटर लांबीमागे साधारण साडेअकरा सेंटिमीटर उंची. गवंड्याची पाणसळ आणि एक पाचर, एवढ्यावर ते जमलं. गोळी पोलादाची, २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅमच्या आसपास वजनाची. तीही मिळाली. अडलं ते फ्लिपरच्या गुंडाळीवर. बटण दाबलं की तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत चुंबक तयार होतो आणि लोखंडी दांडी आत ओढली जाते, म्हणून फ्लिपर उडतो. त्यासाठी क्षणभर भरपूर वीज लागते. पण खेळणाऱ्यानं बटण दाबूनच ठेवलं तर तेवढ्याच विजेनं गुंडाळी जळते. म्हणून आत दोन वेटोळी असतात. एक जोरात ओढणारं, दुसरं बारीक तारेचं, नुसतं धरून ठेवणारं. फ्लिपर वर पोचला की एक छोटा स्विच पहिल्याचं काम काढून दुसऱ्याकडे देतो.

ही गुंडाळी आम्हाला कोणी करून दिली? शेतकऱ्यांचे पंप जळले की मोटारी पुन्हा बांधून देणाऱ्या कारागिरानं. पिनबॉल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. नकाशा बघून म्हणाला, "एक बैल नांगराचा, एक राखणीचा. समजलं." पहिल्या चार गुंडाळ्या जळाल्या. पाचवी आजही चालते.

यंत्र ढकलून गोळी वळवणाऱ्यांसाठी 'टिल्ट' असतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत हॅरी विल्यम्स यांनी तो आणला. पुढं जी रचना रूढ झाली, तीत एका कड्याच्या मध्ये लोंबता लंबक असतो. यंत्र जोरात हललं की लंबक कड्याला लागतो आणि खेळ बंद. आमचे सुतार बघून म्हणाले, "हा तर ओळंबा!" आणि खरोखरच आमच्या पहिल्या यंत्रात गवंड्याचा ओळंबाच लटकतो आहे.

आजवर आम्ही अशी नऊ यंत्रं केली. एका यंत्राला चार माणसांचे अडीच-तीन महिने जातात. यावर पोट चालत नाही. पोट बोर्डांवर चालतं. पण हा अनुभव फक्त आमचा नाही. ज्या अमेरिकेत हा उद्योग वाढला तिथं १९९९मध्ये विल्यम्स या बड्या कंपनीनं पिनबॉलचं काम बंद केलं आणि पुढं बरीच वर्षं शिकागोकडची स्टर्न ही कंपनी जवळजवळ एकटीच मैदानात उरली. २०११मध्ये न्यू जर्सीत जर्सी जॅक ही नवी कंपनी निघाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या बेंटन नावाच्या लहानशा गावात एका कुटुंबानं 'स्पूकी पिनबॉल' सुरू केली. त्यांच्या पहिल्या खेळाची यंत्रं केवळ दीडशे. हे वाचलं तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. जगात कुठंतरी दुसऱ्या एका खेड्यात लोक गुंडाळ्या जाळत बसले आहेत, याचा आधार वाटतो.

त्याच काळात परदेशातल्या काही लहान कंपन्यांनी गिऱ्हाइकांकडून संपूर्ण रक्कम आधी घेतली, ती पहिल्याच यंत्राच्या खटपटीत खर्च झाली आणि लोकांना यंत्र मिळालं नाही. त्यात सगळ्यांची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. पहिलं यंत्र नेहमीच अंदाजाच्या दुप्पट खातं. म्हणून आमचा दुसरा लेखी नियम असा, की आगाऊ रक्कम फक्त लाकूड, तांबं आणि पोलाद यांच्या किमतीएवढी घ्यायची. मजुरी यंत्र चालल्यावर. यामुळे हात सतत आखडलेला राहतो, पण रात्री झोप लागते.

२०२०मध्ये मंडया, यात्रा सगळं थांबलं. पूर्ण हंगाम कोरडा गेला. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. रंगात शिसं नको, टोकदार भाग नको, लहान पोर गिळेल असं काही सुटं नको. नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. कागदपत्रांचा त्रास झाला, नाही म्हणत नाही. पण त्या निमित्तानं आम्ही खिळ्यांची टोकं घासू लागलो आणि गोळ्या काचेखाली बंद केल्या. ते आधीच करायला हवं होतं.

हल्ली विचारतात, मोबाईल असताना हे कोण खेळणार? मोबाईलमध्येही पिनबॉल आहे, मी खेळलो आहे. पण तिथला खिळा कोणी आणि कुठं ठोकलाय, हे बघायची सोय नाही. पैसे लावून खेळायच्या ॲपवर रात्र रात्र बसलेली पोरं मी पाहतो, तेव्हा मला तो मंडईतला मुलगा आठवतो. तीही म्हणत असतील, माझाच हात चुकतो.

तेव्हा जाता जाता एक सोपी गोष्ट सांगतो. पुढच्या मंडईत किंवा जत्रेत असा बोर्ड दिसला तर पैसे टाकण्याआधी दुकानदाराला विनंती करा, की एक गोळी हातात द्या. ती वरच्या खणाच्या तोंडाशी धरा आणि दोन खिळ्यांमधून आत सोडून बघा. सरळ गेली, तर मग खुशाल खेळा, हरलात तरी मजा येईल. दुकानदारानं गोळी दिलीच नाही, किंवा दिली आणि ती अडकली, तर पुढं चला, पाळण्यात बसा, जिलबी खा. आणि एवढं लक्षात ठेवा, की दोष तुमच्या हाताचा नव्हता.